गावपळण आणि पदमची वेगळी खोप

शालूचा फोन आला तेव्हा मी गिरणीचा पट्टा बदलत होते. हात पिठानं पांढरे, फोन कान आणि खांद्यामध्ये धरलेला. शालू माझी धाकटी बहीण. चाळीसेक वर्षांपूर्वी मालवणकडं दिली आणि आता तिच्या बोलण्यात आमच्या गडहिंग्लजचं एक अक्षर उरलेलं नाही. म्हणाली, "अक्का, देवान कौल दिल्यान. गाव भायर पडता. ह्या खेपेक तू येच."

गाव बाहेर पडतो म्हणजे गावपळण. मालवण तालुक्यातल्या काही गावांत दर तीन-चार वर्षांनी ग्रामदेवाचा कौल घेऊन अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. म्हातारीकोतारी, तान्ही पोरं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. मागं कुणी राहायचं नाही. घरं बंद, चुली थंड, देवळात फक्त देव. असं का करतात, याची चार माणसं पाच उत्तरं देतात. मला इतकंच ठाऊक होतं, की हे एकदा डोळ्यांनी बघायचंय आणि गुडघे अजून ऐकतात तोवरच बघायचंय.

पण शालूच्या आवाजात आणखी काहीतरी अडकलेलं होतं. खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं. "पदम पुढल्या वर्साक येवचो नाय म्हणता. ह्येंचा डोक्या ठिकाणार नाय. ह्यांका दोन शब्द सांगूक तूच व्हयी."

'हे' म्हणजे शालूचे यजमान, ज्यांना गाव तात्या म्हणतो. पदम म्हणजे त्यांच्या हापूसच्या बागेचा राखणदार. हा नेपाळचा, कैलाली जिल्ह्यातला. वीसेक वर्षं झाली, दसरा-दिवाळी स्वतःच्या घरी करून तो बायकोला, बिस्नाला घेऊन खाली येतो आणि पावसाआधी परत जातो. मोहोराची राखण, फवारणी, आंबे उतरवणं, पेट्या भरणं, सगळं त्याच्यावर. ज्यांनी हापूस फक्त पेटीत पाहिलाय त्यांना सांगते, कोकणातल्या कितीतरी बागा आज नेपाळी माणसांच्या हातांवर उभ्या आहेत. मासेमारीच्या ट्रॉलरवर जा, तिथंही तेच. तात्यांचा मुलगा पुण्यात, सून पुण्यात, नातू तर इंग्रजीत. पदम गेला तर बाग गेली, हे तात्यांनाही माहीत आहे. पण ते तसं म्हणणार नाहीत, त्यांचं नाक जरा उंच आहे.

गिरणी शेजारच्या पोरीवर सोपवली आणि निघाले.

गडहिंग्लजहून आजऱ्यावरून आंबोली, तिथून घाट उतरून सावंतवाडी, असा रस्ता. सकाळची एसटी पकडली तर दुपारच्या जेवणाला खाली पोचता. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं खर्चाचा बाऊ करू नका. आजऱ्यापुढं रस्ता बरा आहे, घाटात मात्र खिडकीची जागा डावीकडची घ्या. मार्गशीर्षात आंबोलीला पाऊस नसतो, पण धुकं असं बसतं की टपरीवरचा चहा हातात आला तरी चहावाला दिसत नाही. गाडी तिथं थांबते. मी कांदाभजी घेतली. शेजारी बसलेल्या बाईनं माझ्या कागदातली दोन उचलली आणि तिच्या पिशवीतली दोन केळी मला दिली. ओळख त्यानंतर झाली. ती बांद्याला लेकीकडं निघाली होती.

सावंतवाडीला उतरून कुडाळची गाडी, कुडाळहून मालवणची. मालवण स्टँडवरून शालूच्या गावाला रिक्षा करावी लागते. रिक्षावाल्यानं विचारलं, "गावपळणीक इलास? मोबाईलवाले?" मी म्हटलं, "नाही बाबा, बहिणीकडं." तेव्हा त्यानं भाडं थोडं कमी केलं. त्या बोलण्यावरूनच ठरवलं, गावाचं नाव इथं लिहायचं नाही. रिकामा गाव बघायला आता बाहेरून लोक कॅमेरे घेऊन येतात आणि वेशीच्या आत शिरतात. ज्याला यायचं त्यानं कुणाचा तरी पाहुणा होऊन यावं, आणि बाहेर त्यांच्यासोबतच राहावं.

संध्याकाळी पोचले तेव्हा शालूच्या घरी मोठी बांधाबांध चाललेली. तांदळाचं पिंप, सुकं खोबरं, सुके बांगडे, चटया, कंदील, एका टोपलीत तीन कोंबड्या. बिस्ना कोंबड्यांचे पाय बांधत होती. मला पाहून उठली, वाकून नमस्कार केला. "दिदी, बारीक झाल्या तुम्ही." ती मराठी बोलते, पण 'दिदी' तिचं तिकडचंच राहिलंय.

खळ्यात, म्हणजे सारवलेल्या अंगणात, तात्या खुर्चीवर आणि पदम पायरीवर बसलेला. वीस वर्षांत ही बैठक बदललेली मी पाहिली नाही. पदमचे केस आता पांढरे झालेत. मी हातपाय धुऊन आले आणि शालूनं चहा आणला, तेवढ्यात तात्यांनी विषय काढला. माझ्यासमोर काढला, म्हणजे मी त्यांच्या बाजूनं मान हलवीन अशी त्यांची अपेक्षा असावी.

मोहोर या वर्षी लवकर आलाय. डोंगरावरून वांदर उतरतात, एका दिवसात फांद्या ओरबाडून जातात. तीन दिवस बाग उघडी टाकली तर हंगाम गेला. म्हणून तात्यांचं म्हणणं, पदमनं बाहेर पडू नये. बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोलीत, गुपचूप राहावं. मी म्हटलं, "पण मागं कुणी राहायचं नाही ना?" त्यावर त्यांच्याकडं उत्तर तयार होतं. "अक्का, देवाचो नियम गावच्या रयतेक. पदम परमुलखातलो. तेका कसलो नियम?"

बिस्नाचा हात कोंबडीच्या पायावर थांबला. शालूनं माझ्याकडं पाहिलं.

पदमनं चहाचा कप खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाला, "तात्यांनू, गेल्या गावपळणीक मी गावचो होतंय. तुमच्या खोपीच्या वांगडा माझी खोप होती. ह्या खेपेक मी परमुलखातलो झालंय. मधी काय बदलला, ता माका सांगा."

तात्या खुर्चीवरून उठले. ते म्हणाले, "बघ तुका काय वाटता ता," आणि आत गेले. रात्री जेवताना पदमचं नाव कुणी काढलं नाही, माशाची आमटी मात्र सगळ्यांनाच खारट लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाजवळ ढोल वाजला आणि गाव हलला. काय दृश्य होतं ते! पुढं गुरं, मागं डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया, टेम्पोत पिंपं आणि म्हाताऱ्या, दुचाकीवर कुत्रं मांडीत घेतलेला एक बाप्या. कुणाच्या तोंडावर दुःख नाही. निम्मी पोरं तर सहलीला निघाल्यासारखी. एक आजीबाई दाराला कडी लावून परत वळली, कडी पुन्हा हलवून बघितली, मग घराला म्हणाली, "ऱ्हव आता गपचिप." वेस म्हणजे एक व्हाळ, छोटा ओढा. तो ओलांडला की गाव संपला.

व्हाळाच्या पलीकडची जमीन शेजारच्या गावाची. तो गाव म्हणजे मोजकी घरं, एक विहीर, एक पिंपळ. शालूच्या गावाचा एकेकाळी त्या गावावर मोठा तोरा होता. जत्रेत मान आधी यांचा, पाणंद आधी यांच्या बैलगाडीला. पण गावपळणीचे तीन दिवस हा मोठा गाव त्या लहान गावाच्या दारात असतो. शालू सांगत होती, पूर्वी विचारायचंसुद्धा नाही, सरळ जाऊन खोपी ठोकायच्या. या वेळी त्यांची दोन माणसं व्हाळावर येऊन उभी होती. त्यांनी हात जोडून बजावलं की पाणी खुशाल न्या, पण विहिरीवर भांडी घासायची नाहीत आणि कलमांच्या बाजूला चूल नको. आमच्यातल्या दोघातिघांची तोंडं वाकडी झाली. पण आबा, म्हणजे मानकऱ्यांतले सर्वांत वडीलधारे, देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान ज्यांचा, ते म्हणाले, "तेंची जमीन, तेंचो शब्द." मग सगळ्यांनी आपापली गाठोडी उचलली.

माळरानावर माडाच्या झापांच्या, म्हणजे विणलेल्या झावळ्यांच्या, खोपी उभ्या राहिल्या. तात्यांची खोप झाली, चूल पेटली. मागच्या वेळी तिच्या उजव्या अंगाला पदमची खोप होती म्हणे. या वेळी तिथं रिकामी जागा. तात्या दर थोड्या वेळानं व्हाळाकडं बघत होते. मला वाटलं, पदम मांगरातच राहिला.

नव्हता राहिला. शालूनं मला कोपरानं ढोसलं आणि पिंपळाकडं बोट केलं. पिंपळाच्या पलीकडं, आमच्या सगळ्या गर्दीपासून लांब, एक एकटी खोप होती आणि तिच्यासमोर बिस्ना चूल मांडत होती. पदम पहाटेच त्या लहान गावात जाऊन त्यांच्या वडीलधाऱ्यांना भेटला होता, स्वतःसाठी जागा मागितली होती आणि त्यांनी दिली होती. तात्यांच्या ओळीत नाही, मांगरातही नाही. तात्यांनी पाहिलं आणि पाठ फिरवून बसले. "शिंगा फुटली तेका," एवढंच म्हणाले.

दुपारी आम्ही दोघी बहिणी पदमकडं गेलो. बिस्नानं वरण-भात आणि गुंद्रुकची भाजी वाढली. गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेला पाला, ती दरवर्षी घरून पिशवीभर आणते. चव आपल्या अंबाडीच्या भाजीच्या जवळची, थोडी धुरकट. मी दोनदा मागून घेतली. शालू म्हणाली, इतक्या वर्षांत तिनं ही भाजी पहिल्यांदा खाल्ली. बिस्ना हसली. तिच्या हसण्यात राग नव्हता, पण ते अगदी साधंही नव्हतं. म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंच नाही दिदी. आमचा गाव कुठल्या दिशेला आहे, ते तरी कुठं विचारलंत?"

खरंच, शालूनं कधी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं.

मग पदम बोलत बसला. त्याचे वडील आपल्या हिंदुस्थानच्या फौजेत होते. वर्दीतला फोटो घरात भिंतीवर आहे, आईला पेन्शन इथून जाते. त्या काळी त्यांच्या गावात मुलगा मोठा झाला की खाली जायचा, फौजेत किंवा राखणीला. खाली म्हणजे भारत, दुसरं नावच नव्हतं त्याला. आता भरतीचे नियम बदलले, चारच वर्षांची नोकरी झाली, त्यांच्या सरकारनं हात आखडला आणि पोरांचं ते दार मिटलं. एका वर्षी सीमेवर ट्रक अडले होते. गॅस नाही, औषधं नाहीत, बिस्ना लाकडं फोडून स्वयंपाक करायची. आपलं सरकार म्हणायचं आम्ही अडवलं नाही, त्यांच्याकडचे म्हणायचे तुम्हीच अडवलं. मग नकाशावरून भांडण झालं. मग साथीच्या वेळी तो इथून घरी निघाला तर महाकाली नदीच्या पुलावर दार बंद. अलीकडं आपले पोलीस म्हणतात इथं थांबू नका, पलीकडं त्यांचे पोलीस म्हणतात आत येऊ नका. नदीकाठी झाडाखाली बसून तो पलीकडचे दिवे बघायचा. "दोन्ही आपलेच म्हणायचे," पदम म्हणाला, "आणि दोन्हीकडं मी बाहेरचा."

त्याच्या मुलानं कोरियाची भाषा शिकून परीक्षा दिलीय. पोरं आता कोरियाला जातात, जपानला, आखाताकडं जातात. खाली कुणी येत नाही. मुलाचं म्हणणं, बाबा, आता तुम्हीही जाऊ नका, मी पैसे पाठवतो, घरी दुकान टाका. पदमचं मन अजून ठरत नव्हतं. बाग त्याच्या हाताखाली मोठी झालीय, काही झाडं त्यानं रोप असताना पाहिलीत. पण कालच्या बोलण्यानं काटा एकीकडं झुकला, हे त्यानं न सांगताच कळत होतं.

मी गिरणीवाली बाई, शिकले ते वर्तमानपत्राच्या रद्दीवर. दोन देशांचं मला काय कळणार! पण गिरणीत बसून एक पाहिलंय. ज्याचा लहान डबा रांगेत मागं सारला जातो तो माणूस भांडत नाही. हसतो, पीठ घेतो, पैसे देतो. आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या गिरणीत जातो. आपण म्हणत बसतो, अरे, हा तर आपलाच होता, वर्षानुवर्षं येत होता. आपला होता म्हणूनच तर आपण त्याला मागं सारत होतो. तात्यांचं आणि पदमचं तेच चाललं होतं, आणि मला वाटतं मोठ्या घरांचंही तसंच चालत असावं.

त्या संध्याकाळी माळावर भजन झालं, बायांच्या फुगड्या झाल्या. माझ्या गुडघ्यांनी एक फुगडी सहन केली. खाडीतून पोरांनी कालवं काढून आणली होती, ती निखाऱ्यावर भाजून खाल्ली. खोपीत झोपायचं असेल तर जाड चादर न्या, पहाटे दव पडतं. आणि डासांसाठी काहीतरी न्याच. तात्या भजनात बसले, पण टाळ त्यांच्या हातात नुसता होता.

खरी गंमत तिसऱ्या दिवशी सकाळी झाली.

व्हाळाच्या काठावर उभं राहिलं की समोरच्या उतारावर तात्यांची बाग दिसते. ऊन वर आलं आणि बागेच्या शेंड्याला फांद्या हलायला लागल्या. वांदर. एक, चार, मग अख्खं टोळकं. तात्या धावत व्हाळापर्यंत गेले आणि पाण्याच्या कडेला थांबले. पाय टाकता येईना. ओरडले, टाळ्या वाजवल्या, धोतराचा सोगा हलवला. एवढ्या लांबून वांदरांना काय त्याचं! मग दिसलं, की वरच्या अंगाला, पिंपळाच्या बाजूनं, पदमही व्हाळाच्या काठावर येऊन उभा आहे. तोही ओरडत होता, डबा बडवत होता. त्याचेही पाय पाण्यापर्यंत आणि पुढं नाहीत. त्याला कोण अडवणार होतं? दोन उड्यांत तो बागेत पोचला असता, आणि तात्यांनी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हेच तर मागितलं होतं. पण तो थांबला. गाव जिथं थांबला होता, तिथंच तोही थांबला.

तात्यांनी ते पाहिलं. ओरडायचे थांबले. दोघं काठावर दोन टोकांना उभे आणि समोर वांदर मोहोर खातायत. एक मोठा वांदर तर फांदीवर पाय सोडून आमच्याकडंच तोंड करून बसला. शालू म्हणाली, "तो बघा बागेचो नवो मालक." आणि तात्यांना हसू फुटलं. पोट धरून हसले. लांबून पदमही हसताना दिसला.

हसणं थांबलं तेव्हा तात्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "अक्का, चल." कुठं ते मी विचारलं नाही.

पदमच्या खोपीपुढं चटई होती. खुर्ची नव्हती, पायरी नव्हती. तात्या क्षणभर उभे राहिले, मग गुडघ्यावर हात टेकून चटईवर बसले. पदम त्यांच्यासमोर बसला. बिस्नानं चहा दिला, दुधाचा, मिरपूड घातलेला. तात्यांनी कप दोन्ही हातांत धरला. माफी मागणं त्यांना कधी जमलेलं नाही, ते तेव्हाही जमलं नाही. चहा संपवून ते म्हणाले, "पदमा, तुझो गाव कसो आसा रे?"

बिस्नानं चुलीवरून मान वर केली.

पदमनं एक काटकी घेतली आणि मातीत रेघ ओढली. ही नदी. हा डोंगर, इथं सालाचं रान. इथं मक्याचं शेत. हे घर. घराच्या दारात त्यानं एक टिंब काढलं. "ह्या कलम. तुम्ही दिलेला, माझा थोरला पोर झाला तेवा. तुमच्या ध्यानात नसात."

तात्यांच्या ध्यानात नव्हतं. पण त्यांचे डोळे त्या टिंबावर बसले. "जगला?"

"जगला तर. माझ्यापरास उंच झालासा. मोहोर येता, पण थंडीत करपान जाता. फळ धरणा नाय. कित्याक ता माका कळणा नाय."

वीस वर्षं पदम तात्यांच्या झाडांचं दुखणं-खुपणं बघत होता. तात्यांनी त्याच्या झाडाबद्दल विचारण्याची ही पहिली वेळ. आणि मग जे सुरू झालं ते मला अर्धंच कळलं. दंव कधी पडतं, माती कसली, खोडाला वाऱ्याचा आडोसा आहे का, आळ्यात पाणी कधी सोडतोस. पदम सांगत होता आणि तात्या ऐकत होते, असं उलट मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी तात्या म्हणाले, "हयसून सांगान कळाचा नाय. झाड बगूक व्हया." पदम म्हणाला, "या मगे." एवढंच. मलाही तेव्हा ते तोंडदेखलं वाटलं, आपण पाहुण्याला पुन्हा या म्हणतो तसं.

पुढच्या वर्षी येणार का, हे तात्यांनी विचारलं नाही. मी डोळ्यांनी खुणावलं तरी विचारलं नाही. खोपीकडं परतताना मी म्हटलं, "अहो, ज्यासाठी गेलात ते राहिलंच की." तात्या म्हणाले, "ता माझा विचारणा न्हय, अक्का. तेचा सांगणा."

चौथ्या दिवशी सकाळी मानकऱ्यांनी देवाचा कौल घेतला, देवानं आत या म्हणून सांगितलं आणि गाव परतला. घरात जाण्याआधी सगळे देवळासमोर उभे राहिले. आबांनी गाऱ्हाणं घातलं. देवाला उद्देशून खणखणीत आवाजात, गावातली माणसं, गुरंढोरं, मुंबईतले चाकरमानी, दर्यावरचे खलाशी, एकेकाला सांभाळ म्हणून सांगायचं आणि प्रत्येक वाक्यानंतर गावानं म्हणायचं, व्हय म्हाराजा. सुरू होण्याआधी तात्या आबांच्या कानाशी लागले होते. मला वाटलं, बागेबद्दल काही असेल.

"तात्याचे शेजारी, पदम आणि बिस्ना, आणि तेंचो परमुलखात जाणारो झील, तेंकाय सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

पूर्वी आबा 'तात्याचो गडी' म्हणायचे, असं शालूनं मला नंतर सांगितलं. कोरियाची परीक्षा दिलेला तो झील, म्हणजे मुलगा, त्याच्यासाठीही गावानं व्हय म्हाराजा म्हटलं. पदम मान खाली घालून उभा होता. बिस्नाचा आवाज मात्र माझ्या कानाशी सगळ्यांत मोठा होता.

बागेत बरंच नुकसान झालं होतं. पण अर्धा मोहोर शिल्लक होता, आणि पदम त्याच दुपारी शिडी घेऊन कामाला लागला. मी दुसऱ्या दिवशी निघाले. येताना मालवणात खाजं आणि कोकम घेतलं, आंबोलीत पुन्हा भजी खाल्ली, या वेळी चहावाला दिसला.

घरी आले, गिरणी सुरू केली. काय राहिलं म्हणाल तर तो व्हाळ राहिला. एवढासा ओढा, घोट्याइतकं पाणी, आणि दोन माणसं त्याच्या काठावर थांबलेली. ज्याला आपण परका ठरवला त्यानं आपला नियम आपल्याहून जास्त पाळला, याचं तात्यांना काय वाटलं असेल, ते मी पीठ चाळताना कितीदा तरी मनात आणलं. पदमनं नियम पाळला की स्वतःचा मान राखला, तेही मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

आंब्याचा हंगाम उरकून पदम आणि बिस्ना घरी गेले. परत येण्याबद्दल दोघं काही बोलले नाहीत, असं शालू म्हणाली. पाऊस सरला आणि नवरात्राच्या सुमारास एका दुपारी फोन वाजला. शालूच्या नंबरवरून तात्या होते. ते मला स्वतःहून कधी फोन करत नाहीत, म्हणून आधी काळजीच वाटली.

"अक्का, तू फिरतंस म्हणान विचारतंय. बनबशाक जावचा म्हटल्यार दिल्लीसून एसटी गावता काय?"

बनबसा म्हणजे महाकालीच्या अलीकडचं आपलं शेवटचं गाव. एसटी दिल्लीत नसते, हे त्यांना कसं सांगायचं म्हणून मी आधी हसून घेतलं. मग पुतण्याला विचारून सगळं सांगितलं, आणि तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर तुम्हीही लिहून घ्या. सावंतवाडीहून दिल्लीची रेल्वे, आरक्षण आधी करा. दिल्लीत आनंद विहारला बनबशाची बस मिळते, रात्रभराचा प्रवास. पुढं पूल पायी किंवा टांग्यानं ओलांडायचा. आपल्याला पासपोर्ट लागत नाही, पण मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. पलीकडं कैलालीकडं जाणाऱ्या बसगाड्या उभ्याच असतात. तात्या प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होते. मागून शालू सांगत होती की सामानात कलमं बांधायची सुरी आणि खताची पुडी आधीच भरून ठेवलीय, कपडे अजून भरलेले नाहीत.

मी विचारलं, पदमला कळवलंय का. "कळवलंय. तो पुलार येवन उभो ऱ्हवतलो." आणि पुढं म्हणाले, "अक्का, पुलार पोलिसांनी इचारल्यानी, कोणाकडे जातंस, खयच्या कामाक, तर काय सांगू?"

मी म्हटलं, "जे खरं असेल ते सांगा."

मग तात्या म्हणाले, "पदमाकडे पाव्हणो म्हणान जातंय, असा सांगतंय."